सगळं किडनीच्या नावावर

वन्संचा पाय दगा द्यायला लागला तेव्हा गाडी एका निवृत्त न्यायाधीशांच्या हातात होती. उतारावर वळण घ्यायचं होतं. न्यायाधीशमहाशयांनी ते न घेता सरळ शाळेच्या कुंपणाकडे मोर्चा वळवला, आणि वन्संनी नेहमीप्रमाणे आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. पण पाय अर्ध्यावरच थांबला. गाडी कुंपणाच्या भिंतीला जाऊन टेकली. बंपरला पोचा आला, न्यायाधीशांना घाम फुटला, आणि वन्संनी त्यांना भर रस्त्यात असं काही झापलं की जन्मभर इतरांना शिक्षा सुनावलेला तो माणूस खाली मान घालून उभा राहिला.

घरी आल्यावर मात्र त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटून म्हणाल्या, "चूक त्याची नव्हती. म्हणजे होतीच, पण माझ्या पायात जोरच आला नाही. कुणाला बोलू नकोस."

मी लगेच नवऱ्याला सांगितलं. मीही काही कमी नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्या भागात त्यांना ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण त्यांना ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. तरुणपणी त्या दुसऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये टेबलाशी बसून शिकणाऱ्यांची नावं लिहून घ्यायच्या. गाडी त्यांना मालकापेक्षा बरी यायची, म्हणून एक दिवस त्यांनी मालकाला "मलाही शिकवायला द्या" म्हटलं. मालक हसला. बाईच्या शेजारी बसून शिकायला कोण येणार, म्हणाला. वन्संनी नोकरी सोडली आणि त्याच रस्त्यावर, बरोब्बर त्याच्या दारासमोर, स्वतःची पाटी लावली. गाडी जुनी, एक दार आतून उघडायचंच नाही, पण दोन्ही बाजूंना क्लच आणि ब्रेक होते. बाकीच्या शाळांनी ज्यांच्यापुढे हात टेकले होते ती सगळी माणसं हळूहळू वन्संकडे यायला लागली. समोरून ट्रक आला की डोळे मिटून घेणारी बाई, उजवं-डावं न कळणारा प्राध्यापक, आणि मी.

हो, मीसुद्धा. लग्न होऊन आले तेव्हा गिअर बदलायचा म्हटलं की मी दांडी न्यूट्रललाच धरून बसायचे. वन्संनी माझं नाव 'न्यूट्रल' ठेवलं. अजूनही मला त्याच नावाने हाक मारतात, चारचौघांत, पाहुण्यांसमोर. अंगाची लाही होते. पण गाडी येते मला, आणि ती त्यांनीच शिकवली, तेव्हा गप्प बसते.

त्यांच्या किडन्या गेल्या त्याही गाजावाजा न करता गेल्या. रक्तदाब वाढलेला होता, बाईंनी तो कधी मोजलाच नव्हता. कळलं तेव्हा उशीर झाला होता. माझा नवरा रडायच्या बेतात येऊन म्हणाला, "ताई, आता शाळा बंद कर, घरी आराम कर." वन्संनी हातातला कप असा आपटला की कान तुटला. कपाचा. "किडनी गेलीय, अक्कल नाही गेली," म्हणाल्या. "बाळ्या, पुन्हा हे बोललास तर तुझा घसा दाबीन."

शाळा चालू ठेवायची म्हणून त्यांनी घरी करायचं डायलिसिस निवडलं. पोटात एक मऊ नळी बसवलेली. पिशवीतलं औषधी पाणी त्या नळीतून पोटात सोडायचं, काही तास आत ठेवायचं, शरीरातली घाण त्यात उतरली की बाहेर काढून टाकायचं आणि नवीन सोडायचं. दिवसातून बऱ्याच वेळा. त्यासाठी वन्संनी माडीवरची छोटी खोली रिकामी केली. कपाटाला हूक, खाली घडीची खुर्ची, बेसिनपाशी साबण. पाणी बदलायच्या वेळी पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क, आणि आत पाऊल टाकणाऱ्याची खैर नाही.

पोटातून काढलेल्या पाण्याची पिशवी त्या वर्तमानपत्रावर ठेवायच्या. हे त्यांना दवाखान्यात शिकवलं होतं. पिशवीतून खालची अक्षरं नीट वाचता आली की पाणी स्वच्छ. गढूळ दिसलं तर आत जंतू शिरले, लाल दिसलं तर रक्त. वन्सं बातम्याच वाचायच्या पिशवीतून, मोठ्याने, अगदी हवामानासकट. "आलं वाचता. मी ठणठणीत," असं म्हणून पिशवी रिकामी करायला उठायच्या. खाली आमचा चहा व्हायचा तोवर जगाची खबर वरून यायची.

आणखी एका गोष्टीचा त्यांना भयंकर अभिमान होता. त्यांना अजून लघवी व्हायची. फार नाही, पण व्हायची. किडनी गेलेल्या बऱ्याच जणांची ती पार थांबते, मग घोटभर पाणी प्यायचं तरी दहा वेळा विचार करावा लागतो. वन्सं मात्र पेलाभर पाणी घटाघट प्यायच्या आणि म्हणायच्या, "आमची किडनी काम करत नाही, पण हजेरी लावून जाते." त्या पेलाभर पाण्यासाठी त्या देवाशीही भांडल्या असत्या.

तर पाय. न्यायाधीशांच्या प्रकरणानंतर वन्संच्या कमरेतून कळ निघायला लागली. उजवीकडून सुरू व्हायची आणि जांघेत उतरायची. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. त्यांनी मला वर नेलं, पिशवी वर्तमानपत्रावर ठेवली आणि म्हणाल्या, "वाच." मी वाचलं. अक्षर न् अक्षर दिसत होतं. "पोटात काही असतं तर इथे आलं असतं की नाही?" त्यांनी विचारलं. मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. पोटातलं पाणी रोज डोळ्यांनी बघणारी माणसं जगात किती असतील? आम्हाला वाटायचं, या घरात पोटाचं काही लपून राहूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जिन्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. चेहरा पांढराफटक. उजवा गुडघा पोटाशी घेतलेला. नवरा तो सरळ करायला गेला तर अशा किंचाळल्या की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मी गाडी काढली. मागच्या सीटवर पडल्या पडल्यासुद्धा, "सेकंड टाक, न्यूट्रल, सेकंड! इंजिन रडतंय," हे चालूच होतं.

दवाखान्यात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. चांगला होता बिचारा, पळत आला. पण त्याने फाइलवर 'डायलिसिस' हा शब्द वाचला आणि त्याचं निम्मं काम संपलं. रक्तदाब खाली गेलाय? डायलिसिसमध्ये पाणी जास्त निघालं असेल. रक्त कमी झालंय? किडनीच्या पेशंटमध्ये रक्त कमीच असतं, रक्त वाढवायच्या इंजेक्शनचा डोस वाढवू. कंबर दुखतेय? पिशव्यांची खोकी उचलता ना, शीर आखडली असेल. मळमळ? किडनी. थकवा? किडनी. मी तिथे उभी राहून ऐकत होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं. एकदा माणसाची किडनी गेली की त्याच्या अंगात दुसरं काही बिघडायची परवानगीच नसते. सगळं किडनीच्या नावावर.

"बाळा," वन्संनी त्याला थांबवलं, "मला शिंक आली तर ती कुणाची धरशील? माझी का किडनीची?"

तो कसनुसा हसला. म्हणाला, "मावशी, बॅगेतलं पाणी कसंय?"

"स्वच्छ," मी म्हटलं. तेही मीच सांगितलं, छातीठोक.

"मग पोटात रक्तस्राव नाही," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "सलाईन लावतो, प्रेशर वर आलं की घरी जा. दुखण्याची गोळी देतो."

वन्संनी पलंगाची कड धरली. "मी घरी जाणार नाही."

"अहो, पण..."

"इतकी वर्षं हा पाय माझं ऐकतोय. दुखला म्हणून ऐकायचा थांबत नाही तो. त्याला आतून काहीतरी अडवतंय. काय अडवतंय ते शोध, मग मी घरी जाईन. नाहीतर इथेच पडून राहते, तुमच्या या पलंगावर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की या डॉक्टरला कंबर कुठे असते ते माहीत नाही."

ओशाळला तो. पण त्याने सोनोग्राफी सांगितली, हे माप त्याच्या पदरात टाकायला हवं.

सोनोग्राफी करणारी डॉक्टरीण जेल लावून पोटावरून ते यंत्र फिरवत राहिली. मग गंभीर होऊन म्हणाली, "पोटात बरंच पाणी दिसतंय."

"ते मीच घातलंय!" वन्सं ओरडल्या. तशा अवस्थेतसुद्धा. बाहेर बाकावर बसलेल्या बायका हसल्या. डॉक्टरीणही हसली, मग म्हणाली की पोटात हे पाणी असल्यामुळेच तिला पाठीमागचं नीट दिसत नाही, आणि आतड्यांतल्या हवेमुळे खोलवर तर काहीच कळत नाही. रिपोर्टमध्ये तिने लिहिलं, पोटातलं पाणी डायलिसिसचं असावं, विशेष काही नाही. तो कागद घेऊन आम्ही परत आलो तोवर वन्संचा रक्तदाब आणखी घसरला होता आणि त्यांच्या ओठांचा रंग उडाला होता. आता त्या ओरडत नव्हत्या. मला खरी भीती तेव्हा वाटली.

मी हेडमास्तरांना फोन लावला. हे वन्संचे किडनीचे डॉक्टर. घरच्या डायलिसिसचं शिकवताना ते प्रत्येक गोष्ट वन्संकडून परत परत म्हणून घ्यायचे, म्हणून हेडमास्तर. मी फोनवर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते बाह्यरुग्ण विभाग अर्धवट सोडून आले.

त्यांनीही पहिल्यांदा बॅगेचंच विचारलं. मी स्वच्छ म्हटलं. त्यांनी मान हलवली, तरुण डॉक्टरच्या नोंदी वाचल्या, आणि मला वाटलं, झालं, हेही त्याच गाडीत बसले. मग ते वन्संकडे वळले आणि म्हणाले, "पाय सरळ करा पाहू."

"नाही करणार."

"करा, मला बघू द्या."

"होतच नाही तर करू कसा? सगळे एकच सांगताय, सरळ करा, सरळ करा. मी काय हौसेने दुमडून घेतलाय?"

हेडमास्तरांनी स्वतः तो गुडघा धरून हळूच खाली आणायला सुरुवात केली. वन्संनी त्यांच्या मनगटाला नखं रुतवली. ते थांबले. मांडीच्या पुढच्या भागावर त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, कळतंय का. वन्संना नीट कळत नव्हतं. मग ते स्टूल ओढून बसले.

"ती रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?" त्यांनी विचारलं. वन्संच्या हृदयाचे ठोके मधूनच वेडेवाकडे पडायचे, गुठळी होऊ नये म्हणून ती गोळी होती. "मधे दुसरं काही औषध घेतलंत?"

"खोकल्याचं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने दिलेलं."

"त्याला ही गोळी सांगितली होतीत?"

"त्याने कुठे विचारलं? त्याने विचारलं डायलिसिसवर आहात का, मी म्हटलं आहे. मग तो किडनीवरच भाषण देत बसला."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. मग मला आणि त्या तरुण डॉक्टरला, दोघांनाही समोर घेऊन म्हणाले, "आपण सगळे त्या बॅगेवर विसंबलो. मीसुद्धा, आत्ता येईपर्यंत. बॅगेतलं पाणी ज्या पोकळीत फिरतं तिथलंच सांगतं. त्या पोकळीला एक पडदा असतो, आणि पडद्याच्या मागे मणक्याला लागून मोठा स्नायू आहे. पाय वर उचलणारा. रक्त तिथे साकळत असेल तर बॅगेत एक थेंब यायचा नाही. सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. आणि बाकीची प्रत्येक खूण किडनीच्या आजारात रोजचीच असते, म्हणून कुणी दचकत नाही."

तरुण डॉक्टरचा चेहरा उतरला. वन्सं डोळे मिटून होत्या, पण ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे माझं रक्त माझ्याच घरात, मागच्या दाराने चाललंय."

"हो," हेडमास्तर म्हणाले. "असं मला वाटतंय. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. सीटी स्कॅन करू."

आधी साधा स्कॅन झाला, रंगाचं इंजेक्शन न देता. त्यातच दिसलं. हेडमास्तरांनी मला काचेच्या अलीकडून पडद्यावर दाखवलं. डावीकडचा स्नायू मुठीएवढा, आणि उजवीकडचा फुगून इतका मोठा झालेला की शेजारचं आतडं त्याने बाजूला सारलं होतं. मला रडू आलं. रडू आलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की काय सांगू. दिसलं एकदाचं! वन्सं खोटं बोलत नव्हत्या, वन्सं नाटक करत नव्हत्या, आणि किडनी बिचारीने यातलं काही केलं नव्हतं.

रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी आली, ती भलतीच वर होती. खोकल्याच्या औषधाने त्या गोळीचा जोर वाढवला होता. मग एकच धावपळ उडाली. रक्त घट्ट करणारं इंजेक्शन, प्लाझ्माच्या पिशव्या, रक्ताच्या पिशव्या. दंडाला एक, हाताला एक. आम्हाला वाटलं आता रक्त थांबेल. पण रक्तदाब वर येई आणि पुन्हा घसरे. आत कुठेतरी अजून गळत होतं.

तिथे दुसरी अडचण उभी राहिली. नेमकी कुठली रक्तवाहिनी फुटलीय ते बघायला रंग द्यायला हवा होता. दिसली की मांडीतून बारीक नळी वर सरकवून ती आतूनच बंद करता येते. पण स्कॅन विभागातल्या माणसाने रिपोर्ट बघितला आणि हात वर केले. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन एवढं असलेल्या पेशंटला रंग देत नाहीत, किडनीला धोका असतो, विभागाचा नियम आहे.

हे वन्संच्या कानावर पडलं. स्ट्रेचरवरून त्यांनी मान उचलली. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच होती.

"माझं घर जळून गेलंय हो. आता काडेपेटी कशाला लपवताय?"

त्या माणसाला हसू फुटलं. हेडमास्तर मात्र हसले नाहीत. ते स्ट्रेचरपाशी वाकले आणि त्यांनी खरं ते सांगितलं, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानेन.

"घर पूर्ण जळालेलं नाही, मॅडम. एक खोली शिल्लक आहे. तुम्हाला लघवी होते. रंग दिला तर ती कदाचित थांबेल. कदाचित नाही थांबणार. आज तुमचं प्रेशर इतका वेळ खाली राहिलंय, त्यानेही ती थांबू शकते. मी खात्री देऊ शकत नाही. रंग नाही दिला तर रक्त देत राहू आणि आपोआप थांबायची वाट बघू. काही वेळा थांबतं."

"आणि नाही थांबलं तर?"

त्यांनी वर टांगलेल्या रक्ताच्या पिशवीकडे बघितलं. वन्संना उत्तर कळलं.

माझा नवरा पुढे झाला. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. "ताई, थांबू या ना थोडं. रक्त चढतंय. तुझं ते एवढंसं राहिलंय, तेही गेलं तर घोटभर पाण्याला महाग होशील. थांबू या."

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्याने त्यांना पेलाभर पाणी पिताना रोज बघितलं होतं. पण मला त्याचा राग आला, खूप राग आला, कारण वन्संच्या डोळ्यांत मला भीती दिसत होती आणि तो त्यांना थांबायला सांगत होता.

"अहो, तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदा, लोकांसमोर. "त्यांना विचारतायत, तुम्हाला नाही."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग भावाचा हात शोधला आणि धरला.

"बाळ्या, मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. "फार वाटतेय. पण मला जगायचंय रे. तहानलेली का होईना, जगायचंय. आपोआप काय होतंय त्याची वाट बघत इथे पडून राहणं माझ्याच्याने होणार नाही." मग हेडमास्तरांना म्हणाल्या, "द्या रंग. आणि त्या नियमवाल्याला सांगा, मी हो म्हटलंय, शुद्धीत, दोन साक्षीदारांसमोर. कुठे सही करू?"

सही केली. अक्षर वाकडं आलं. ते त्यांनी खोडून पुन्हा नीट केलं, तेवढ्यात मला वाटलं माझा जीव जाईल.

रंगाने जागा दाखवली. कमरेजवळच्या एका बारक्या रक्तवाहिनीतून चिळकांडी उडावी तसं बाहेर येत होतं. नळी घालणाऱ्या डॉक्टरांनी ती बंद केली. आम्ही बाहेर बसलो होतो. नवरा माझ्याशी बोलत नव्हता. मग हेडमास्तर बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "थांबलं." नवरा उठला आणि त्याने आधी मलाच मिठी मारली. मग लाजून दूर झाला.

सावकाश बऱ्या झाल्या वन्सं. पाय हळूहळू सरळ व्हायला लागला. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला त्यांनी पहिल्याच दिवशी रडवलं आणि नंतर तिला गाडी शिकवायचं कबूल केलं. तरुण डॉक्टर रोज डोकावून जायचा, कधी कामाशिवायसुद्धा. एकदा वन्संनी त्याला शेजारच्या पलंगाकडे पाठवलं. तिथे डायलिसिसवरचीच एक बाई सकाळपासून पोट दुखतंय म्हणून कण्हत होती आणि तिला सगळे "होतं असं" म्हणून पुढे जात होते. "जा, आधी हात लावून बघ," वन्सं म्हणाल्या. तो गेला. त्याने बराच वेळ बघितलं, औषधं विचारली, तपासण्या लिहिल्या. तिला साधा पित्ताचा त्रास निघाला. वन्संना त्याचं काही वाटलं नाही. "बघितलं ना? बघून पित्त निघालं. न बघता निघालं असतं तर ते पित्त नव्हतं, अंदाज होता," म्हणाल्या.

लघवी मात्र झाली नाही. पहिले काही दिवस सगळे म्हणत होते, वाट बघू, किडनी दमली असेल. सिस्टर रोज विचारायची आणि वन्सं रोज नाही म्हणायच्या, दिवसेंदिवस बारीक होत चाललेल्या आवाजात. त्यांच्या पाण्यावर बंधन आलं. ओठ कोरडे पडायचे. मी ओल्या फडक्याने पुसायचे तेव्हा त्या ते फडकं दातांत धरून ठेवायच्या.

मग एका सकाळी हेडमास्तर एकटेच आले. मागे कुणी नव्हतं. स्टूल ओढून बसले. आता ती परत येईल असं वाटत नाही, म्हणाले. वन्संनी मान डोलावली.

"मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "मी सारखा विचार करतोय. त्या दिवशी रंग न देता आणखी थोडं थांबलो असतो तर कदाचित..."

"डॉक्टर," वन्संनी त्यांना मधेच तोडलं, "त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं ना?"

"हो."

"मला सगळं सांगून विचारलं होतं?"

"हो."

"मग मी हो म्हटलं. विचार करून म्हटलं. या आजारात मला कुणी काही विचारलं नाही हो. किडन्यांनी जाताना विचारलं नाही, रक्ताने फुटताना विचारलं नाही. ही एकच गोष्ट मी ठरवलीय. आता तुम्ही वाईट वाटून घेऊन ती माझ्याकडून काढून घेऊ नका."

हेडमास्तर उठले, त्यांनी वन्संसमोर हात जोडले आणि गेले. जाताना डोळे पुसत होते की चष्मा, ते मला पाठमोरं कळलं नाही.

ते गेल्यावर वन्सं मला म्हणाल्या, "पडदा ओढ." मी पलंगाभोवतीचा पडदा ओढला. मग त्या रडल्या. हुंदके देऊन, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तसं. मी त्यांना जवळ घेतलं. एवढी दांडगी बाई, माझ्या हातात मावत होती.

आवाज ऐकून सिस्टर धावत आली आणि पडद्यातून डोकं आत घातलं. "काय झालं? कुठे दुखतंय? पोटात दुखतंय का? कमरेत? डॉक्टरांना बोलावू?"

वन्संनी पदराने नाक पुसलं आणि तिच्याकडे रोखून बघितलं.

"कुठे दुखत नाहीये. रडतेय मी," त्या म्हणाल्या. "दुखलं तर सांगेन ना. तेव्हा ये पळत."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ती पडदा नीट लावून बाहेर गेली.